आजोबा झोपले कधी होते?

प्रश्न : मुलीला दोनदा नीट देऊनही मेडिकल मिळालं नाही. बारावीला गणित होतं. मागच्या वर्षी तिचे आजोबा सकाळी उठले तर उजवा हात हलेना, लकवा मारला होता. यवतमाळ, मग नागपूर, यात दिवस गेला. वाचले, पण हात गेला. आता ती म्हणते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून लकव्याच्या पेशंटसाठी टेलिमेडिसिनचं, म्हणजे दुरून डॉक्टरी सल्ला देणारं, सॉफ्टवेअर बनवीन. हे करिअर आहे की खूळ? – एक पालक, आर्णी तालुका

उत्तर : भाऊ, खूळ नाही. नीटचा नाद सोडा, सीईटी देऊ द्या.

पण या कामात व्हिडिओ कॉल हा सगळ्यात सोपा भाग, हे तिला आधीच सांगा. लकवा येतो मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या बिघाडाने. ती गुठळीने बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वाहिनी फुटली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. कोणतं ते वरून कळत नाही, सीटी स्कॅनच लागतो. तो स्कॅन दीडशे किलोमीटरवरच्या न्यूरोलॉजिस्टपुढे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरपुढे, मिनिटांत पोचवायचा, हे सॉफ्टवेअरचं काम. हिमाचलमध्ये तर स्मार्टफोनवर स्कॅन पाहून, जिथे न्यूरोलॉजिस्टच नाही अशा रुग्णालयांत हे इंजेक्शन दिलं गेलं.

तुमच्याच घरचं घ्या. अशा सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्ये ‘त्रास कधी सुरू झाला?’ असा रकाना असता, तर तुम्ही काय सांगितलं असतं? सकाळी सहा. पण सहाला फक्त दिसलं. आजोबा रात्री दहाला धडधाकट झोपले असतील, तर घड्याळ दहापासून धरायचं, म्हणजे सहालाच आठ तास होऊन गेलेले. विचारायचं असतं, ‘शेवटचं चांगलं कधी पाहिलं?’ रकान्याचे शब्द चुकले की डॉक्टरचा सगळा हिशेब चुकतो. असली गोष्ट अभ्यासक्रमात सापडायची नाही. त्यासाठी सुट्टीत सीटीच्या खोलीबाहेर बसावं लागेल, टेक्निशियनशी बोलावं लागेल. स्कॅनच्या फाइलींचा ‘डायकॉम’ नावाचा साचा असतो, तो शिकावा लागेल. आणि नेटवर्कची एकच काडी असताना स्कॅनचं पहिलं चित्र किती वेळात पोचतं, ते घड्याळ लावून पाहावं लागेल.

सॉफ्टवेअर सगळं करणार नाही, हेही खरं. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने 86 गावांतले मृत्यू तपासले, तर सातातला एक लकव्याचा निघाला, आणि त्यातले बहुतेक घरातच गेले होते. ज्याला कोणी 108 लावलाच नाही, ज्याला आधी उपाय म्हणून कबुतराचं रक्त चोळत बसले, त्याचा स्कॅन कुठून येणार?

नोकरी आर्णीत मिळणार नाही. नागपूर, पुणे धरून चाला. कोडिंगमध्ये मन रमलं नाही, तर रेडिओलॉजी टेक्निशियनचा पॅरामेडिकल कोर्सही वाईट नाही.

आणि आजोबांची फाइल घरात असेलच. घर किती वाजता सोडलं, स्कॅन किती वाजता झाला, रिपोर्ट कोणी कधी पाहिला, हे तिला या आठवड्यात वहीत लिहून काढायला सांगा. जिथे मिनिटं गेली तिथे लाल पेन.