पासबुक दिलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता

प्रश्न : मुलगा बारावी झालाय, सैन्यभरतीची तयारी करतो. मार्चमध्ये अकॅडमीची फी थकली होती. रंकाळ्यावर ओळख झालेल्या पंचविशीतल्या एकानं ‘तीन दिवस खातं दे, तीन हजार मिळतील’ म्हणून त्याचं शिष्यवृत्तीचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम नेलं. त्या खात्यावरून चार लाख बारा हजार फिरले. आता परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस व्हॉट्सअॅपवर आली आहे, सात दिवसांत हजर राहा म्हणून. त्यातले दोन हजार त्यानं मला पाठवले होते, म्हणून माझंही खातं गोठवलंय. बचत गटाचे पैसे त्यात अडकलेत. जूनमध्ये त्याला अठरा पूर्ण झाली. शेजारी म्हणतात, कार्ड हरवलं होतं असं सांगा. मिस्टर शिरोलीच्या फौंड्रीत आहेत, ते पोराशी बोलायचे बंद झालेत. काय करू?

उत्तर : ताई, कलमं नंतर बघू. आधी दोन तारखा कागदावर लिहा : पैसे खात्यात आले ती आणि मुलाच्या जन्माची. कायदा गुन्हा घडला त्या दिवशीचं वय धरतो. मार्चमध्ये तो सतराचा होता, म्हणून आज अठरा पूर्ण असले तरी त्याचं प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली, बाल न्याय मंडळापुढंच चाललं पाहिजे. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पण तिकडच्या पोलिसांना दिसतं ते फक्त खातेदाराचं नाव. वय आपणच दाखवायचं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र काढा, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. आधार कार्डावर विसंबू नका.

नोटीस खरी आहे का, हेही तपासा. त्या राज्याच्या पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरून ठाण्याचा नंबर घेऊन फोन करा. नोटिशीवरच्या नंबरवर नको. कुणी ‘प्रकरण मिटवतो’ म्हणून पैसे मागितले, तर तो दुसरा भामटा समजा. हजर राहण्याची नोटीस नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. तरी त्यावर अडून बसू नका. खरी निघाली तर वकिलामार्फत, जन्मदाखला जोडून, मुदतीत लेखी उत्तर द्या.

कलमं बहुधा फसवणुकीची असतील : भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), कमाल शिक्षा सात वर्षं, आणि आयटी कायद्याचं ६६डी, कमाल तीन. सोळा ते अठराच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा विचार होतो तो किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात. या दोन्ही कलमांत तसं नाही.

आता शेजाऱ्यांचा सल्ला. कार्ड हरवलं, तर पिन कुणी सांगितला? आणि ते दोन हजार तुमच्या खात्यात कसे आले? माझ्याकडं एक पोरगं अशीच गोष्ट पाठ करून आलं होतं. पाकिटावर पिन त्याच्याच अक्षरात लिहिलेला होता. पुढं त्याची खरी गोष्टही कुणी धड ऐकून घेईना. मोबाईलमधलं चॅट पुसू देऊ नका. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे.

खरं सांगण्यात त्याचा फायदाही आहे. बाल न्याय कायद्यात परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. घरची कमाई, शिक्षण, संगत, मुलगा या वाटेला कसा लागला, सगळं त्यात येतं. फौंड्रीतला ओव्हरटाइम बंद झाला असेल, अकॅडमीची फी थकली असेल, तर पावत्यांसकट सांगा. आपल्याकडं असली गोष्ट घराबाहेर काढायला लाज वाटते, आणि नेमकी तीच अहवालात यायला हवी. खातं भाड्यानं मागणारे फी थकलेलं पोरच हेरतात. त्याला तीन हजार दिसतात, फसवला गेलेला माणूस दिसत नाही. जामीन देताना मंडळ हेही बघतं की मुलगा पुन्हा त्याच टोळीत जाणार नाही ना. तेव्हा रंकाळ्यावरचा तो कट्टा आजपासून बंद.

त्या पंचविशीतल्या माणसाचं नाव, नंबर, चॅट, सगळं तपासात द्या. मुलाला गुन्ह्यात वापरणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ९५ खाली किमान तीन वर्षांची शिक्षा आहे.

तुमच्या खात्याचं : कोणत्या ठाण्याच्या सांगण्यावरून, कोणत्या तक्रार क्रमांकावर आणि किती रकमेसाठी ते गोठवलं, हे बँकेकडून लेखी घ्या. मग वादातले दोन हजार अडकवून बाकीचं मोकळं करा, असा अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या. नाही ऐकलं तर कोर्टात. बचत गटाचं रजिस्टर जोडा.

भरतीची काळजी कळते. मंडळानं दोषी धरलं तरी त्यामुळं अपात्रता येऊ नये, असं बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं. पण भरतीच्या फॉर्मवर प्रकरणाबद्दल विचारलं, तर मला विचारल्याशिवाय काही लिहू देऊ नका.

वकिलाचा खर्च झेपणार नसेल, तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. आणि मिस्टरांना एका पाळीची सुट्टी काढायला सांगा. परिवीक्षा अधिकारी घरी येईल तेव्हा बाप काय म्हणतो, हेही तो लिहून नेतो.