नाला बुजवताहेत, निंब तोडायला निघालेत, कचऱ्याचा त्रास आहे. नगरपालिका अर्जाची दखल का घेत नाही?

तुम्ही लिहिलंय की कॉलनीमागच्या नाल्यात मुरूम टाकून प्लॉट काढणं चाललंय, काठावरच्या जुन्या निंबांवर लाल पट्टे ओढलेत आणि चौकातल्या बिनपरवाना हातगाड्यांचा कचरा नाल्यात जातो. या सगळ्याचा मिळून एक अर्ज दिला, कित्येक महिने झाले, उत्तर नाही. मी खान्देशातल्याच एका नगरपालिकेत आवक-जावकच्या टेबलावर बरीच वर्षं होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या अर्जाचं काय झालं असेल ते सांगतो.

अर्ज आला की शिक्का बसतो, आवक नंबर पडतो आणि टपाल मुख्याधिकारी साहेबांपुढे जातं. साहेब कोपऱ्यात एका विभागाचं नाव लिहितात. तुमच्या अर्जाची पहिली ओळ नाल्याची, म्हणजे तो बांधकामला गेला असणार. बांधकामवाले शेरा मारतात, ‘झाडांचा व परवान्याचा विषय या विभागाशी संबंधित नाही’, आणि कागद पुढे सरकवतात. असा फिरत फिरत तो ज्याच्याकडे थांबतो, तो त्यातलं सगळ्यात सोपं काम उरकतो. सोपं काम म्हणजे हातगाड्या. ट्रॅक्टर येतो, चार गाड्या उचलतो, फोटो निघतात आणि फाइलवर लिहिलं जातं, ‘तक्रारीनुसार कारवाई करण्यात आली.’ मुरूम जिथल्या तिथे. हे मी अनेकदा पाहिलंय आणि त्याचा राग अजून येतो. भज्यांची गाडी उचलल्याने नाल्याचं वीतभर पात्रही मोकळं होत नाही, एका घराची चूल मात्र बंद पडते.

म्हणून तीन वेगळे अर्ज करा. एका अर्जात एकच मागणी. तिन्हींच्या प्रतींवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सगळ्यात जास्त जोर नाल्यावर लावा. आपल्याकडचे नाले वर्षातला बराच काळ कोरडे असतात, म्हणून बघणाऱ्याला ती रिकामी जागा वाटते. पण पाणी गावात पडलेल्या पावसाचंच येतं असं नाही, ते डोंगरातून येतं. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तेच झालं. वर पाटणादेवीच्या, सातमाळ्याच्या डोंगरात रात्रभर पाऊस झाला आणि तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं. पात्र अरुंद केलं की पाणी शोधायचं ते दुसरी वाट शोधतंच, आणि ती आपल्या घरातून जाते.

अर्जात ‘नाला बुजवला’ एवढंच लिहू नका, नकाशा जोडा. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून सिटी सर्व्हेच्या किंवा गाव नकाशाच्या नकला मिळतात, त्यात नाला दाखवलेला असतो. मागणी अशी लिहा: ‘नकाशाप्रमाणे नाल्याची मोजणी करून हद्द कायम करावी व भराव काढावा.’ नाल्याचं पात्र ही महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 20 प्रमाणे शासनाची मालमत्ता आहे. म्हणून एक प्रत तहसीलदारांना द्याच. नदीकाठचा मामला असेल तर पाटबंधारे खात्याकडून पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

फोटो काढताना शेजारचा विजेचा खांब किंवा पुलाचा कठडा फ्रेममध्ये घ्या. महिन्याभराने तिथूनच दुसरा फोटो काढलात की भराव किती पुढे सरकला ते कुणालाही दिसतं, इंजिनिअरला ‘तसं काही दिसत नाही’ असं लिहिता येत नाही.

निंबांचा अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे. झाडांच्या संरक्षणाचा नागरी क्षेत्रासाठीचा कायदा 1975 चा आहे, स्वतःच्या कंपाउंडमधलं झाड तोडायलाही परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून जास्तीचं संरक्षण आहे. लाल पट्टा म्हणजे परवानगी नव्हे. तोडण्याचा अर्ज कुणी केला आणि परवानगी झाली का, हे लेखी विचारा. तोडण्याची नोटीस निघाली असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या. प्रत्येक झाडाच्या बुंध्याचा घेर टेपने मोजून लिहा. ‘मोठी झाडं’ लिहिलेल्या अर्जापेक्षा ‘घेर 2.4 मीटर’ लिहिलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं. काठाची माती त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेली आहे, हेही एका ओळीत लिहा.

आता हातगाड्या. इथे माझी तुम्हाला विनंती आहे, ‘गाड्या हटवा’ असं लिहू नका. पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. पालिकेने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करून प्रमाणपत्रं द्यायची असतात, आणि ते होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. मुख्याधिकारी अध्यक्ष असलेल्या नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत. त्यांना परवाना नाही, यात बऱ्याचदा त्यांचा दोष नसतो; सर्वेक्षण कागदावरच राहिलेलं असतं. तुम्ही मागा ते सर्वेक्षण, आणि मागा रात्री गाड्या बंद व्हायच्या वेळी घंटागाडीची एक फेरी. घंटागाडी सकाळी येऊन जाते, भज्यांचं तेलकट कागद-द्रोण रात्री साचतं. ते कुठे टाकायचं याची सोयच नसेल तर ते नाल्यात जाणारच.

महिनाभर हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका: ‘आवक नंबर अमुकवर झालेल्या कार्यवाहीची टिपणी व शेऱ्यांसह प्रत द्यावी.’ 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि कागद कुठल्या टेबलावर अडला तेही त्यातून कळतं. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही जाता येईल. त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो.

वेळेचंही बघा. नालेसफाईचा पैसा अंदाजपत्रकात धरतात, तेव्हा जानेवारीतच मागणी आत गेलेली बरी. मे महिन्यात पोकलेन येतं ते आधी ठरलेल्या ठिकाणीच गाळ काढून जातं.

आणि नाल्याच्या अर्जावर त्या गाडीवाल्यांच्याही सह्या घ्या. ते दिवसभर तिथेच उभे असतात. कोणत्या रात्री मुरमाचे डंपर येतात आणि मागच्या पावसात पाणी कुठपर्यंत चढलं होतं, हे त्यांना पक्कं माहीत असेल.