कॅशबॅक अडकला म्हणून बिल थांबवू का?

रेडिंगहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे: "गेल्या वर्षी एका ऑनलाइन दुकानातून 24 महिन्यांच्या करारावर फोन घेतला. हँडसेटचे 129 पाउंड क्रेडिट कार्डाने भरले. नेटवर्कला दरमहा 38 पाउंड डायरेक्ट डेबिटने जातात. दुकान 240 पाउंड कॅशबॅक पाच हप्त्यांत देणार होतं. 48 पाउंडांचा पहिला हप्ता आला. दुसऱ्यासाठी दहाव्या महिन्याचं बिल अपलोड करायला गेले, तर साइटवर कंपनी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत, गेल्याची सूचना. आमचे हे म्हणतात, डायरेक्ट डेबिट बंद कर, नाक दाबलं की तोंड उघडेल. एक एजन्सी 45 पाउंड आगाऊ मागते आणि पैसे सोडवून देते म्हणते. पुढच्या वर्षी मॉर्गेज काढायचं आहे. काय करू?"

ताई, यजमानांचा राग रास्त आहे, पण इथे नाक एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं आहे. तुमचे दोन वेगळे करार आहेत. महिन्याचं बिल नेटवर्कशी, कॅशबॅक दुकानाशी. नेटवर्क प्रत्येक नव्या ग्राहकामागे दुकानाला कमिशन देतं आणि त्यातलाच काही भाग दुकान तुम्हाला परत करतं. बिल ठरावीक मुदतीत पाठवायची अट असते ती काही उगाच नाही. जे विसरतात त्यांचे पैसे दुकानाकडेच राहतात, आणि स्वस्त दिसणारं गणित बऱ्याच अंशी या विसराळूपणावर उभं असतं. दुकान बुडालं तरी नेटवर्कची सेवा चालू आहे, म्हणजे त्याचं बिलही चालू.

डायरेक्ट डेबिट बंद केलात तर काय होईल? राहिलेल्या 14 महिन्यांचे 532 पाउंड तुमच्या अंगावर येतील, लाइन तुटेल, प्रकरण वसुलीवाल्यांकडे जाईल आणि क्रेडिट फाइलवर डिफॉल्टची नोंद सहा वर्षं राहील. मॉर्गेज देणारी बँक फाइल उघडते तेव्हा तिला ही नोंद दिसते, त्यामागचा कॅशबॅकचा किस्सा दिसत नाही. 192 पाउंडांच्या रागापायी व्याजाचा दर वाढवून घेणं किंवा कर्जच हुकणं तुम्हाला परवडणार नाही. बिल भरत राहा. या मुद्द्यावर माझ्या मनात जराही शंका नाही.

आता ॲडमिनिस्ट्रेटरकडून, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा कारभार ज्याच्या हाती जातो त्याच्याकडून, काय मिळेल ते पाहू. तुम्ही विनातारण धनको, म्हणजे कंपनीकडून येणं आहे पण हाती काही तारण नाही असे, रांगेत जवळजवळ शेवटी. आधी तारण असलेल्या बँका आणि ॲडमिनिस्ट्रेटरची फी, मग कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार, आणि डिसेंबर 2020 पासून व्हॅट व पगारातून कापलेल्या करासाठी सरकारही तुमच्या पुढे उभं आहे. विनातारण धनकोंसाठी कायद्याने थोडा वाटा बाजूला ठेवतात, पण तो सगळ्यांत विभागला जातो. समजा पाउंडामागे तीन पेन्स मिळाले, तर तुमच्या हाती पावणेसहा पाउंड येतील. तेही कधी, याचा भरवसा नाही. फोन्स फोर यू ही फोन विकणाऱ्या दुकानांची मोठी साखळी सप्टेंबर 2014 मध्ये कोसळली, तेव्हा तिची साडेपाचशेच्या आसपास दुकानं होती. आधी व्होडाफोन आणि मग ईई या नेटवर्कांनी तिच्याशी असलेला करार पुढे न्यायला नकार दिला आणि धंदाच उरला नाही. नेटवर्कांनी संगनमत केलं असा दावा ॲडमिनिस्ट्रेटरांनी पुढे कोर्टात नेला. तो हायकोर्टात फेटाळला गेला नोव्हेंबर 2023 मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी.

तरी फॉर्म भरा, कारण तो फुकट आहे. कंपनीचं नाव कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर टाका, ॲडमिनिस्ट्रेटरचं नाव आणि पत्ता मिळेल. त्यांच्याकडून धनकोचा दावा नोंदवायचा फॉर्म मागवा. तिथे फक्त थकलेला 48 पाउंडांचा हप्ता लिहू नका, पुढचे तीनही धरून पूर्ण 192 लिहा. पुढे देय होणाऱ्या, अटीवर अवलंबून असलेल्या रकमेचाही दावा करता येतो. दहाव्या महिन्याचं बिल मुदतीच्या आत त्यांना ईमेलने पाठवून ठेवा, म्हणजे अट मोडली असं कुणी म्हणायला नको. दुकानावर छोट्या दाव्यांच्या कोर्टात जायचा विचार मात्र सोडा. ॲडमिनिस्ट्रेशन चालू असताना ॲडमिनिस्ट्रेटरची किंवा कोर्टाची परवानगी असल्याशिवाय दावा लावता येत नाही.

तुमच्या पत्रातली कामाची ओळ मला वेगळीच वाटली: हँडसेटचे 129 पाउंड क्रेडिट कार्डाने भरले. ग्राहक कर्ज कायदा 1974 च्या कलम 75 नुसार 100 पाउंडांहून जास्त आणि 30,000 पर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि विक्रेत्याने करार मोडला, तर कार्ड कंपनीही त्याच्या बरोबरीने जबाबदार असते. विक्रेता बुडाला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. कार्डवाले आधी म्हणतील की महिन्याचं बिल आमच्या कार्डावर नाही, आमचा संबंध काय? त्यावर उत्तर असं द्या: हँडसेट या दुकानाकडून तुमच्या कार्डावर घेतला, कॅशबॅकचं वचन त्याच दुकानाने त्याच ऑर्डरमध्ये दिलं आणि ते मोडलं.

अर्जासोबत ऑर्डरचा ईमेल जोडा. त्यात हँडसेटची किंमत आणि 240 पाउंडांचा कॅशबॅक एकाच कागदावर दिसला पाहिजे, सगळा जीव त्या कागदात आहे. शिवाय अटींची प्रत, पहिले 48 पाउंड जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि ॲडमिनिस्ट्रेशनच्या सूचनेचा स्क्रीनशॉट. साइट कधीही गायब होईल, तेव्हा स्क्रीनशॉट आजच काढा. कार्ड कंपनीने नकार दिला तर रीतसर तक्रार करा. तिला आठ आठवडे असतात. तरी समाधान झालं नाही तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे बँका-कार्डांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा, तिथे फी लागत नाही. फक्त कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांत जायला हवं. पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही, बाजू वादाची आहे. पण 192 पाउंडांसाठी एक संध्याकाळ घालवायची असेल तर ती इथे घालवा. (हेच पैसे डेबिट कार्डाने भरले असते तर कलम 75 लागलं नसतं. चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत ओढण्याचा, प्रयत्न करता येतो, पण ती कार्ड योजनांची सोय आहे, कायद्याचा हक्क नव्हे, आणि मुदतही कमी असते.)

नेटवर्कलाही एक पत्र टाका. सप्टेंबर 2009 पासून ऑफकॉमच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनी आपले फोन विकणाऱ्या दुकानांवर नजर ठेवायची जबाबदारी नेटवर्कांवर टाकली, कारण त्याआधी असे कॅशबॅकवाले विक्रेते एकामागून एक बुडाले होते. नेटवर्क 192 पाउंड देईल अशी अपेक्षा धरू नका. मागायचं ते वेगळं: कमी दराचा प्लॅन, किंवा उरलेल्या महिन्यांसाठी सवलत. फोनवर "करार सोडायचा विचार आहे" म्हटलं की बहुधा सवलत देणाऱ्या विभागाकडे जोडून देतात. करार मोडण्याची रक्कम विचारायला हरकत नाही, पण ती भरून बाहेर पडू नका. उरलेल्या महिन्यांचं बहुतेक बिल आजच द्यावं लागेल आणि हातात लाइनही नसेल.

एजन्सीला 45 पाउंड? नको. जे फॉर्म ती भरणार तेच वर सांगितले आहेत. आणि "तुमचा कॅशबॅक मंजूर झालाय, खात्याचा तपशील द्या" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. बुडालेल्या दुकानांच्या ग्राहकांना गाठणारे भामटे असतातच.

घरच्या हिशेबात हे 192 पाउंड बुडीत धरा. 28 पाउंड महिना समजून घेतलेला फोन तुम्हाला 36 ला पडला, कारण 912 मधून फक्त 48 परत आले. मॉर्गेजच्या अर्जात खर्च लिहिताना मात्र 38 च लिहा, खात्यातून तेवढेच जातात. करार संपत आला की नेटवर्क कळवेल. तेव्हा 65075 वर PAC असा मेसेज करा (नंबर दुसऱ्या नेटवर्कवर न्यायचा कोड मिळतो), नंबर तोच ठेवून सिम-ओन्लीवर, म्हणजे हँडसेटशिवायच्या प्लॅनवर, जा. हा हँडसेट चांगला चालत असेल तर नवा कशाला घेता?