अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये फिटनेसवर करिअर खरंच ठरतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. कॉलेजात गाजलेले काही खेळाडू एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, पंधरा वर्षं टिकतात आणि तितकेच गुणी दुसरे दोन हंगामांत दिसेनासे होतात, यात शरीराच्या तयारीचा वाटा किती? आणि नाशिकला खेळणाऱ्या तुमच्या पंधरा वर्षांच्या भाचीला तिकडे जायचंय, तर तिनं आत्तापासून जिम लावावी का?

पहिल्याचं उत्तर आधी. तयारीनं कुणी मोठा खेळाडू होत नाही. पण आपण मोठे आहोत हे दाखवायला किती सामने वाट्याला येणार, ते बरंचसं तिच्यावर ठरतं. उरलेलं नशीब, आणि तेही थोडंथोडकं नसतं.

२००७ चा ड्राफ्ट, म्हणजे एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू क्रमानं निवडायचा कार्यक्रम, बघा. टेक्सास विद्यापीठाचा केविन ड्युरंट ड्राफ्टआधीच्या चाचणीत १८५ पौंडांचा, म्हणजे साधारण ८४ किलोंचा बार बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणं झोपून, एकदाही उचलू शकला नाही. लोकांनी भरपूर टिंगल केली. पहिला निवडला गेला तो ओहायो स्टेटचा ग्रेग ओडन, सात फुटी आणि भरभक्कम. ड्युरंट दुसरा. पुढे ओडनच्या गुडघ्यावर पहिल्या हंगामाआधीच शस्त्रक्रिया झाली आणि सगळी कारकीर्द मिळून तो एनबीएचे १०५ सामने खेळला. ड्युरंट २०१४ साली एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. त्यामुळे दंड केवढे आहेत हे बघून भाकीत करणाऱ्यांकडे मी फारसं लक्ष देत नाही.

खरी शिकण्यासारखी गोष्ट स्टीफन करीची आहे. शाळेत इतका किडकिडीत, की मोठ्या कॉलेजांनी विचारलंही नाही. मग डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजला त्यानं २००८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत नेलं. पण एनबीएत उजवा घोटा सारखा मुरगळायचा. २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षी शस्त्रक्रिया, आणि २०११-१२ च्या हंगामात जेमतेम २६ सामने. त्यानंतर त्याच्याशी झालेला करार चार वर्षांचा, ४.४ कोटी डॉलर्सचा. त्या दर्जाच्या खेळाडूसाठी ही रक्कम स्वस्तच. घोट्याची धास्ती किमतीतच दिसते.

पुढे करीच्या संघाचे, गोल्डन स्टेट वॉरियर्सचे ट्रेनर कीकी लाइल्स यांनी जे केलं ते मला फार आवडतं. घोट्याला आणखी जखडण्यापेक्षा त्यांनी खुब्याकडे लक्ष दिलं. करी वळताना, थांबताना सगळा भार घोट्यावर घ्यायचा. तो भार खुबा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनी उचलायला हवा होता. म्हणून डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), एका पायावरचे व्यायाम, कमरेत वाकायची योग्य सवय. यथावकाश हा सडसडीत गडी ४०० पौंड, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त, उचलायला लागला. २०१४-१५ मध्ये तो ८२ पैकी ८० सामने खेळला, एमव्हीपी झाला आणि संघानं विजेतेपद घेतलं.

एमएस करताना मी विद्यापीठाच्या वेटरूममध्ये कॅम्पस जॉब करायचे. टॉवेल, बर्फ, पाण्याच्या बाटल्या, आणि सोमवारी सकाळी टॅब्लेट घेऊन उड्यांच्या नोंदी. प्रत्येक खेळाडू जमिनीत बसवलेल्या सेन्सरच्या पाटीवर उभा राहून तीन उड्या मारायचा. एखाद्याची उडी नेहमीपेक्षा बरीच कमी भरली की स्ट्रेंथ कोच त्या दिवशी उचलायचं वजन कमी करायचे, आणि मग विचारायचे, झोपलास किती? उडी किती उंच गेली यापेक्षा त्यांचं लक्ष खाली येण्याकडे असायचं. गुडघे आत कोसळतायत का, टाच कधी टेकते, खाली येताना आवाज किती होतो. नव्या पोरांना याचा भारी कंटाळा यायचा. त्यांना बेंच प्रेस हवा असे, आरशासमोर.

कॉलेजचा हंगाम तीस-पस्तीस सामन्यांचा, पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा. एनबीएत ८२ सामने, ४८ मिनिटांचे, शिवाय विमानप्रवास. ही उडी शरीराला झेपावी म्हणून चार वर्षं मिळतात, पण हुशार पोरं एका वर्षात निघून जातात. त्यात एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेचा, नियम असा, की हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला २० तास आणि हंगामाबाहेर ८ तासच. (परदेशी विद्यार्थ्यांनाही सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर २० तासच काम करता येतं, त्यामुळे मला या नियमाची गंमत वाटायची.) म्हणजे बाकीचं ज्याचं त्यानं करायचं. पूर्ण चार वर्षं घेणाऱ्यांत मला ड्रेमंड ग्रीन आठवतो. मिशिगन स्टेटला आला तेव्हा अंगानं जड होता, तिथे त्यानं वजन उतरवलं. तरी २०१२ मध्ये ३५ वा निवडला गेला, आणि २०१७ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

उलट बाजूला सिम भुल्लर. टोरांटोचा, पंजाबी घरातला, सात फूट पाच इंच, वजन १६० किलोंच्या आसपास. न्यू मेक्सिको स्टेटकडून खेळताना कॉलेजात ती उंची पुरून उरायची. पण एनबीएत सेंटरलाही, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूलाही, सतत मैदानभर पळावं लागतं. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोच्या संघाकडून तो भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू झाला, पण तीन सामन्यांपुरताच.

दमसासाची दुसरी बाजूही सांगते. १९८९-९० मध्ये लॉयोला मेरीमाउंटचा संघ इतका पळायचा, की सामन्याला सरासरी १२२ गुण व्हायचे. त्यांचा हँक गॅदर्स डिसेंबरमध्ये मैदानातच कोसळला. हृदयाचे ठोके अनियमित निघाले, औषध सुरू झालं. औषधानं अंग जड वाटतं अशी त्याची तक्रार होती, म्हणून मात्रा कमी केली गेली. ४ मार्च १९९० ला सामना चालू असताना तो पुन्हा कोसळला आणि गेला. वय २३.

आता भाचीचं. जिम लावा, पण वजनं मोजायला नाही. मुलींमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि तो बहुतेकदा कुणाचा धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा अचानक दिशा बदलताना फाटतो. यूकॉनच्या, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या, पेज बेकर्सचा ऑगस्ट २०२२ मध्ये फाटला, अख्खा हंगाम बुडाला. ती परतली, २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि डब्ल्यूएनबीएच्या (महिलांच्या व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये पहिली निवडली गेली. पण तिच्यामागे यूकॉनसारख्या मोठ्या संघाची माणसं होती. भाचीला सध्या सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं हवीत: उडी मारून हळू उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. अशा वॉर्म-अपनं हा धोका चांगलाच घटतो. एखाद्या फिजिओकडून पद्धत एकदा नीट शिकून घ्या, आणि तिच्या उतरण्याचा मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा. गुडघे आत जात असतील तर तुम्हालाही दिसेल. सोबत एक ईसीजी करून हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. आणि पुढे तिकडच्या कोचशी बोलणं होईल तेव्हा शिष्यवृत्तीच्या जोडीला हेही विचारा, की महिला संघाला वेगळा स्ट्रेंथ कोच आहे का आणि गेल्या काही हंगामांत किती मुलींचे गुडघे गेले. कोच उत्तर टाळायला लागला तर दुसरं कॉलेज बघा.