पोर्ट्रेट फोटोग्राफी घरी शिकता येईल, की स्टुडिओतच काम करावं लागेल?

तुम्ही विचारलंय: दोन वर्षं कॅमेरा हाताळतोय, डोंगर, झाडं, पक्षी छान येतात, पण माणूस समोर बसला की चेहरे मेल्यासारखे येतात, मग एखाद्या पोर्ट्रेट स्टुडिओत हाताखाली राहावं की घरीच लाईट घेऊन शिकावं, आणि स्टुडिओत दिवसभर करतात तरी काय? मी चार वर्षं एका स्टुडिओत हाताखाली होते, आता माझा स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, बाकीचं त्यातूनच सुटेल.

पहिला दीड महिना मला कॅमेऱ्याला हातही लावू दिला नव्हता. माझं काम एकच, स्टुलावर बसायचं. गिऱ्हाईक यायच्या आधी सर लाईट लावून बघायचे आणि त्यासाठी त्यांना कुणाचं तरी डोकं लागायचं. ते डोकं माझं. मी आतून धुमसत असायचे. ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं), शटर (किती वेळ उजेड आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) सगळं तोंडपाठ करून आलेली मी, आणि इथे दिवसभर पुतळा!

पण त्या स्टुलावरून जे दिसतं ते कॅमेऱ्यामागून कधीच दिसत नाही. तोंडावर लाईट असतो, त्यामुळे फोटो काढणारा म्हणजे नुसती काळी आकृती. हातांचं काय करायचं ते सुचत नाही. फ्लॅश उडतो. मग ती आकृती मान खाली घालून स्क्रीनकडे बघते आणि काहीच बोलत नाही. तीन-चार सेकंदच, पण तेवढ्यात आपण मनात निकाल लावलेला असतो: वाईट आला, नाक मोठं आलं, मी फोटोत चांगली येतच नाही. पुढचा फ्लॅश उडतो तेव्हा तो निकाल चेहऱ्यावर असतो. तुमचे चेहरे बहुतेक याच तीन-चार सेकंदांत मरतायत. तुम्ही स्क्रीनकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या तर डोंगराला त्याचं काही वाटत नाही.

त्यामुळे माझ्या स्टुडिओत एक नियम आहे: माणूस स्टुलावर असताना स्क्रीनकडे बघायचं नाही. लाईट आधीच तपासलेला असतो, मग बघायचं काय? बघायचंच असेल तर तोंडाने बोलत राहायचं. "हसा" हा शब्द मात्र बंद. हसा म्हटलं की ओठ हसतात आणि डोळे तसेच राहतात. त्याऐवजी काहीतरी करायला द्यावं. पाठमोरं व्हा आणि माझ्याकडे वळा. चष्मा काढा, पुसा, परत घाला. वळून स्थिरावल्यावरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात चेहरा आपलाआपला असतो, फोटो तिथे असतो.

आता लाईट. हे घरी शिकता येतं, आणि घरीच शिकावं असं माझं मत आहे, कारण स्टुडिओत तुमच्या चुकांसाठी कुणाकडे वेळ नसतो. माझीच गोष्ट सांगते. पहिल्यांदा कॅमेरा हातात मिळाला तेव्हा मी शटर १/५०० सेकंदावर ठेवून बसले, बाहेरच्या उन्हातली सवय. एका कुटुंबाचे बारा फोटो काढले आणि बाराही फोटोंत फ्रेमच्या मोठ्या भागावर काळा पट्टा. झालं असं होतं की शटरला दोन पडदे असतात. ठरावीक वेगाच्या पुढे गेलं (बऱ्याच कॅमेऱ्यांत ही हद्द १/२०० च्या आसपास असते) की पहिला पडदा पुरता उघडायच्या आत दुसरा बंद व्हायला निघतो. फ्लॅश तर क्षणार्धात उडून जातो. त्या क्षणी जेवढी फट उघडी असेल तेवढ्यावरच उजेड पडतो, बाकी काळं.

स्टुडिओत फ्लॅशचा उजेड शटरने कमीजास्त होत नाही. तो होतो ॲपर्चरने, आयएसओने आणि फ्लॅशच्या पॉवरने. शटर फक्त खोलीतला इतर उजेड किती आत घ्यायचा ते ठरवतं. म्हणून सुरुवात शटर १/१२५, ॲपर्चर एफ/८, आयएसओ १०० अशी करा आणि पहिला फोटो फ्लॅश बंद ठेवून काढा. तो पूर्ण काळा यायला हवा. आला नाही तर कुठला तरी दिवा किंवा खिडकी तुमच्या फोटोत लुडबुड करतेय, आणि कातडीचा रंग का पिवळा येतो म्हणून तुम्ही नंतर संगणकावर डोकं फोडत बसाल.

एकच लाईट घ्या. दोन घेतलेत की दोन्ही लावायचा मोह होतो आणि नाकाला दोन सावल्या पडतात. एक लाईट, उजेड मऊ करायला एक मोठी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (लाईटवर चढवायची, पुढे पांढरं कापड असलेली पेटी), एक पांढरा थर्माकोल आणि एक काळं कापड. थर्माकोल सावलीच्या बाजूला धरला की सावली उजळते, काळं कापड धरलं की गडद होते. एवढ्यावर वर्ष निघतं. तेही परवडत नसेल तर मोठी खिडकी आणि पातळ पांढरा पडदा हाही सॉफ्टबॉक्सच, फक्त त्याला पॉवरचं बटण नसतं.

सगळ्यात उशिरा माझ्या डोक्यात शिरलेली गोष्ट म्हणजे अंतर. लाईट लांब नेला की मऊ होतो असं मला वाटायचं. उलटं आहे. चेहऱ्याच्या मानाने लाईट जेवढा मोठा दिसेल तेवढी सावलीची कड मऊ, म्हणजे सॉफ्टबॉक्स जवळ आणायचा. दुसरं असं की अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. हे पाठ करून उपयोग नाही, एकदा करून बघा. भिंतीवर करडा कागद लावा आणि माणसाला त्याच्या १ मीटर पुढे बसवा. लाईट चेहऱ्यापासून १ मीटरवर ठेवा, म्हणजे कागदापासून तो साधारण २ मीटरवर येईल आणि कागदाला चेहऱ्याच्या चौथाई उजेड मिळेल. कागद कोळशासारखा दिसेल. आता लाईट ३ मीटरवर न्या आणि पॉवर वाढवून चेहरा पहिल्याइतकाच उजळ करा. कागद ४ मीटरवर, त्याला चेहऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो, आणि तोच कागद फिकट करडा दिसायला लागतो. सर माणसामागच्या एकाच पडद्यातून चार रंग काढायचे तेव्हा मला जादू वाटायची. ही चलाखी होती.

सरावाला माणूस मिळत नाही ही तक्रार सगळ्यांची असते. मित्र दहा मिनिटांत कंटाळतो, तेही बरोबरच आहे. काळ्या कापडावर एक अंडं ठेवा आणि लाईट त्याच्याभोवती फिरवा. उजेड कुठे संपतो, सावली कुठे सुरू होते, मधली कड किती रुंद आहे, एवढंच बघा. ते डोळ्यांत बसलं की मग चेहऱ्यावर नाकाची सावली बघा. लाईट समोरून वर असला तर ती नाकाखाली पडते. बाजूला सरकवत नेला की ती गालावर उतरते, आणि एका जागी गालाच्या सावलीला जाऊन मिळते. मग डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. रेम्ब्राँ या डच चित्रकाराच्या नावाने ओळखतात ती हीच लाईटची पद्धत. डोळ्यांत लाईटचा ठिपका दिसतोय की नाही हेही तेव्हाच बघायचं. तो नसला तर डोळे विझलेले वाटतात, आणि मेलेल्या चेहऱ्यांचं दुसरं कारण हेच असतं: लाईट फार वर नेलेला असतो.

लेन्सबद्दल लोक फार वाद घालतात. माझ्या मते नाक मोठं येतं ते लेन्समुळे नाही, जवळ गेल्यामुळे. नाकाच्या टोकापासून कान साधारण १२ सेंटीमीटर मागे धरले, तर ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक कानांच्या मानाने ४० टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवरून तोच फरक ८ टक्क्यांवर येतो. दीड-दोन मीटरवर उभे राहा आणि तिथून खांदे-डोकं फ्रेममध्ये बसेल अशी लेन्स लावा. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, ८५ मिमीची लेन्स लोकप्रिय आहे ती यासाठीच.

मग स्टुडिओत जाऊन शिकायचं काय उरतं? माणसं, आणि रोजची हमाली. कागदाच्या रोलवरचे बुटांचे ठसे पुसायचे, स्टँडवर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, वायरी जमिनीला चिकटवायच्या, फायली त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवायच्या. आणि वही. एखाद्या कंपनीच्या चाळीस जणांचे फोटो एका दिवसात काढतो, सहा महिन्यांनी एकेचाळिसावा माणूस रुजू होतो, आणि त्याचा फोटो बाकीच्यांच्या शेजारी लावल्यावर वेगळा दिसता कामा नये. म्हणून वहीत लिहिलेलं असतं: लाईट चेहऱ्यापासून ११० सेंमी, डावीकडे ४५ अंश, सॉफ्टबॉक्सचा मध्य डोळ्यांच्या ४० सेंमी वर, थर्माकोल उजवीकडे ७० सेंमी, पडदा २ मीटर मागे, एफ/८. खाली एक वेडंवाकडं चित्र. अशा माझ्या सात वह्या आहेत. कॅमेरा चोरीला गेला तर मी रडेन, वह्या गेल्या तर स्टुडिओ बंद करीन.

माणसांचं शिक्षण मात्र छोट्या-छोट्या गोष्टींतून होतं. चष्म्यावर लाईट चमकत असेल तर लाईट वर न्यायचा किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलायच्या, फोटोत कळत नाही. हनुवटीखालची वळी लपवायला हनुवटी वर करायची नाही, कासवासारखी पुढे काढायची आणि जराशी खाली. बसणाऱ्याला हे फार विचित्र वाटतं, बाजूने बघितलं तर हसूच येतं, पण समोरून जबड्याची रेघ स्वच्छ उमटते. हे सांगून कळत नाही म्हणून आपण स्वतः करून दाखवायचं आणि "माझा आरसा व्हा" म्हणायचं. केसांची बट विचारल्याशिवाय आपल्या हाताने सरळ करायची नाही. पहिल्या आठवड्यात मी केली होती. त्या बाईंचे खांदे कानांपर्यंत वर गेले, आणि पुढचा अर्धा तास काही केल्या खाली आले नाहीत.

किती फोटो काढावेत यावर एक आठवण येते. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, बामाको शहरात, सेदू केइता या फोटोग्राफरने १९४८ मध्ये स्टुडिओ थाटला. मोठ्या फिल्मचा कॅमेरा, अंगणातला उजेड, मागे पडदा म्हणून घरातला पलंगपोस. फिल्म महाग, म्हणून ते बहुतेकदा एका गिऱ्हाईकाचा एकच फोटो काढत. माणसाला कसं बसवायचं, हात कुठे, मान किती वळवायची, हे सगळं आधी. मी काही एका फोटोवर थांबत नाही, पण महिन्यातून एकदा सराव म्हणून करते: एक माणूस, तीन फोटो, बस्स. घाम फुटतो.

फोटो निवडणं हे वेगळंच प्रकरण. दोन बहिणी आल्या होत्या. धाकटी म्हणते, सगळ्यात माझा चेहरा वाकडा आलाय. थोरली म्हणते, अगं तू अशीच दिसतेस, छान आलाय. दोघी खरं बोलत होत्या. आपण आपला चेहरा रोज आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटा बघतो. इतर लोक सुलटा बघतात. यावर १९७७ मध्ये मानसशास्त्रातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली आणि त्यांच्या जवळच्यांना खरी. तेव्हापासून मी गिऱ्हाईकाला सांगते की निवडायला येताना जवळचं कुणीतरी घेऊन या. आणि वीसपेक्षा जास्त फोटो दाखवत नाही. दोनशे दाखवले की माणूस फोटो बघायचं सोडून स्वतःचे दोष मोजायला लागतो.

रिटचिंगला, म्हणजे काढलेल्या फोटोतले डाग-दोष संगणकावर पुसण्याला, माझा साधा हिशोब आहे: पंधरा दिवसांत जे आपोआप जाईल ते काढायचं, म्हणजे पुटकुळी, ओरखडा. जे राहणार आहे त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कातडीचा रंग तर बदलायचाच नाही. शिकाऊ असताना मी एकाच्या भुवईतली फट भरून टाकली होती, मोठं काम केल्याच्या थाटात. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "भुवई परत द्या."

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लाईट घरी शिका, चार-सहा महिने, एकाच लाईटवर. मग स्टुडिओ शोधा. भिंतीवरचे फोटो बघून ठरवू नका, एक दिवस कोपऱ्यात बसून बघू द्या म्हणून विचारा. तिथला माणूस बसणाऱ्याशी बोलतो का ते बघा. बोलत असेल तर झाडू मारायचं काम मिळालं तरी राहा. आणि वर्षभर तुम्हाला फक्त संगणकासमोर बॅकग्राउंड कापायलाच बसवत असतील तर सरळ निघा, ते काम घरबसल्याही शिकता येतं.

पण त्याआधी, याच आठवड्यात, एक करा. कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या, शक्यतो ज्याला काही येत नाही अशाच्या. त्याला गप्प राहायला सांगा आणि तुमचे तीस फोटो काढायला लावा. तुम्ही स्टुलावर बसा. नंतर फोटो ओळीने बघा आणि तुमचा चेहरा कितव्या फोटोला मेला ते मोजा. माझा चौथ्याला मेला होता.

आणि स्टूल घेताना न फिरणारं घ्या. फिरणाऱ्या स्टुलावर माणूस घाबरला की थोडा थोडा फिरत राहतो, आणि नाकाची सावली तुम्ही ठेवलेल्या जागी कधीच सापडत नाही.