जर्मनीला निघण्याआधी पहिला पॅच मुंबईतूनच पाठवा

मुलुंडच्या ताई, तुम्ही विचारलंय की जर्मनीत नोकरी शोधताना ओपन सोर्समधल्या (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमधल्या) कामाचा उपयोग होतो का आणि सुरुवात कुठून करायची. मुलगी तिसरीत आहे असंही लिहिलंय, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

ब्लू कार्ड (कुशल परदेशी लोकांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना), पगाराची अट, व्हिसा हे सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी पडत नाही.

उपयोग होतो. पण रीडमीतला, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमधला, एखादा शब्द बदलून नाही. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरमधल्या मोहिमेत, टी-शर्टसाठी लोकांनी असले फुटकळ बदल इतके पाठवले की जे प्रकल्प स्वतःहून तयार असतील तेवढेच धरायचे, असा नियम करावा लागला. रोज वापरता तेच सॉफ्टवेअर निवडा. मी लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर घेतलं. नवख्यांसाठी तिथे 'ईझी हॅक्स' नावाची सोप्या कामांची यादी आहे. साध्या लॅपटॉपवर पहिल्या बिल्डला (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करायला) कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. पॅच, म्हणजे कोडमधला तुमचा बदल, गेरिट नावाच्या तपासणीच्या साइटवर जातो. तपासणारा उणे एक देतो, म्हणजे 'अजून सुधारा', आणि खाली कारण लिहितो. मन खट्टू करून घेऊ नका. नवा कमिट (बदलाची नवी नोंद) न करता तोच अमेंड करा, म्हणजे दुरुस्त करा, चेंज-आयडी हा त्याचा ओळख-क्रमांक तसाच ठेवा आणि परत पाठवा.

कोड जमेपर्यंत बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवा. 'मराठी नीट दिसत नाही' एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. 'दऱ्या' लिहिताना ऱ, हलन्त आणि य असं टाइप केलं, अमुक फॉन्ट, अमुक आवृत्ती, दिसायला हवं होतं हे आणि दिसलं ते, सोबत स्क्रीनशॉट. हॅम्बुर्गच्या माणसाला हा ऱ्य चुकलाय हे कळणारच नाही. तुम्हाला एका नजरेत कळतं.

माझा पहिला पॅच गोरेगावच्या घरातून गेला. कुणी पदवी विचारली नाही की आडनावाचं स्पेलिंग. इथे आल्यावर मात्र मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एका स्पेलिंगनं आणि पासपोर्टवर दुसऱ्या, एवढ्यावरून एका कार्यालयाने आम्हाला महिनोन्‌महिने खेपा घालायला लावल्या. तुमचे दाखले आताच वॉर्ड ऑफिसमधून दुरुस्त करून घ्या.

एकटेपणा वाटतो, हिवाळ्यात जास्त. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती असतो, निभावतं.

निभावत नाही ती शाळा. आम्ही जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात आलो. तिथे चौथीच्या गुणांवर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. तिथे १ म्हणजे सर्वांत चांगला. माझी मुलगी गणितात वर्गाच्या पुढे होती, जर्मनमध्ये अडली. पहिलीपासून तिथल्या शाळेत नसलेल्या मुलांना भाषेच्या अडचणीमुळे ३.३३ पर्यंत सवलत मिळू शकते. आम्हाला ते शाळेत कुणी सांगितलं नाही. कळलं तेव्हा ती दुसऱ्या शाळेत जाऊ लागली होती. आता ती तिथे रमली आहे, मैत्रिणी आहेत. मला मात्र अजून रात्री ते आकडे आठवतात. कोडमधली शंका अनोळखी माणसाला बेधडक विचारणारा मी, वर्गशिक्षिकेसमोर मान डोलावून परत येत होतो, कारण माझं जर्मन तुटपुंजं होतं.

म्हणून तुम्ही दोघं काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला आजच नाव घाला आणि मुलीसाठी शिकवणी शोधा. प्रकल्पात ओळखी झाल्या की त्या लोकांना शाळांबद्दलही विचारा, मोकळेपणानं सांगतात. लिबरऑफिसमागची डॉक्युमेंट फाउंडेशन बर्लिनचीच आहे. आणि नोकरी निवडताना राज्य बघा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, म्हणजे मुलीला भाषा पकडायला आणखी दोन वर्षं मिळतात. बव्हेरियातल्या म्युनिकचा पगार जास्त असला तरी बर्लिन-ब्रांडेनबुर्गमधल्या मुलाखती आधी द्या.