नी-कॅप राहू द्या, विम्याचा हप्ता का थांबवला?

पत्र : वय ५२. दोन्ही गुडघे दुखतात. डॉक्टरांनी झीज सांगितली आहे. तांब्याचे धागे असलेल्या, दाब देणाऱ्या नी-कॅपचे २४ महिन्यांचे सभासदत्व घेतले असून दर दोन महिन्यांनी नवी जोडी येते व तिचे पैसे खात्यातून आपोआप वळते होतात. १० टक्के सवलतीनंतरही एक जोडी साध्या जोडीच्या चौपट पडते. सहा महिन्यांत तीन जोड्या आल्या. आता बाहेर पडल्यास मिळालेली सवलत परत द्यावी लागेल. हा खर्च योग्य आहे का? नियमित वापराने शस्त्रक्रिया टळते, असे विक्रेत्याने सांगितल्यामुळे आरोग्यविम्याचे नूतनीकरण केलेले नाही. मुदत संपून तीन आठवडे झाले. वार्षिक हप्ता साध्या नी-कॅपच्या २० जोड्यांच्या किमतीएवढा होता.

उत्तर : तुम्ही विचारलेला प्रश्न छोटा आहे, म्हणून तो आधी संपवतो. नी-कॅपमुळे सांध्याला ऊब आणि आधार मिळतो आणि चालताना अनेकांना दुखणे काहीसे कमी वाटते. झिजलेली कूर्चा मात्र त्याने भरून येत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेची सांध्यांच्या झिजेवरील २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे व्यायामाला आणि वजन आटोक्यात ठेवण्याला महत्त्व देतात व असे आधार सरसकट देऊ नयेत, असे सांगतात. तांब्याबद्दल तर बोलायलाच नको. तांब्याचे धागे असलेल्या कपड्यांनी संधिवाताच्या वेदना कमी होतात, अशा जाहिरातींवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१५ मध्ये ‘टॉमी कॉपर’ या कंपनीवर कारवाई केली होती आणि तडजोडीत कंपनीला पैसे मोजावे लागले होते. डॉक्टरांची हरकत नसेल तर साधी, योग्य मापाची नी-कॅप वापरा आणि ती सैल पडली की बदला. दर दोन महिन्यांनी नवी जोडी लागते ती विकणाऱ्याला.

आता हिशेब. साध्या जोडीची किंमत १ धरली, तर तुमच्या योजनेवर वर्षाला ६ जोड्यांचे २४ जातात. वर्षाला दोन साध्या जोड्या घेतल्या तरी २ लागतील, विम्याचा हप्ता २०; म्हणजे २२ मध्ये नी-कॅप आणि विमा दोन्ही मिळून वर २ शिल्लक राहिले असते. बाहेर पडण्याची भीतीही अनाठायी आहे : तीन जोड्यांवरची सवलत साधारण सव्वा भरते, तर उरलेल्या नऊ जोड्यांचे ३६ वाचतात. सव्वासाठी ३६ घालवू नका. सभासदत्व लेखी रद्द करा आणि बँकेला दिलेली आपोआप वळतीची परवानगीही काढून घ्या.

खरी चूक विम्याची आहे. शस्त्रक्रिया टळेल, हे विक्रेत्याचे वाक्य घटकाभर खरे मानले तरी विमा केवळ गुडघ्यांसाठी नव्हता; हृदयविकार, अपघात, कर्करोग यांना नी-कॅप घालता येत नाही, आणि पन्नाशीनंतर ही शक्यता वाढतच जाते. शिवाय तुमच्या गुडघ्यांच्या झिजेचे निदान आता झालेले आहे. नवी पॉलिसी घ्यायला जाल तेव्हा ही झीज आधीपासूनचा आजार म्हणून नोंदवली जाईल, प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात अशा आजाराचा खर्च विम्यातून मिळत नाही तो) नव्याने सुरू होऊ शकेल, हप्ता वाढेल, कदाचित अर्जही नाकारला जाईल. इतक्या वर्षांचे हप्ते भरून मिळवलेले सातत्य तुम्ही एका विक्रेत्याच्या आश्वासनावर सोडून देत आहात.

बहुतेक पॉलिसींना मुदत संपल्यानंतर हप्ता भरण्यासाठी काही दिवसांची सवलत असते. ती अजून शिल्लक आहे का, हे विमा कंपनीला आजच विचारा, असल्यास आजच हप्ता भरा, आणि मधल्या तीन आठवड्यांतील आजारपणाला संरक्षण मिळेल का, याचे उत्तर लेखी घ्या. सवलतीचे दिवस उलटून गेले असतील, तर पॉलिसी पुन्हा चालू करण्याचा अर्ज करा. तोही नाकारला गेला तरच नव्या पॉलिसीकडे वळा, आणि त्या अर्जात गुडघ्यांचे दुखणे लपवू नका, कारण लपवलेल्या आजाराचा दावा नेमका गरजेच्या वेळी फेटाळला जातो.